सुकलेलं पोर आणि ओली चादर : खारपाणपट्ट्यातलं एक प्रकरण

मी जिल्ह्याच्या ठिकाणी बालरुग्ण विभागात डॉक्टर आहे. हे प्रकरण घरच्यांच्या संमतीने लिहितोय. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव गाळलंय आणि नात्यांचे, वयाचे काही तपशील बदललेत. आजार आणि निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच आहे.

पार्श्वभूमी

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलेला आहे. माती काळी, कसदार. हरभरा, तूर, कपाशी जोरात येते. पण जमिनीखालचं पाणी खारं. विहीर खोदा नाहीतर बोअर मारा, चव तीच. गोडं पाणी नळयोजनेचं. ते ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायचं, आणि ते संपलं की पुन्हा हापशी.

अशाच एका गावातला हा चार वर्षांचा मुलगा. आईवडील रोजमजुरीला, घरी आजी. वजन ११ किलो, म्हणजे अंगणवाडीच्या रजिस्टरात तो कायम कमी वजनाच्या यादीत. पोषण आहार चालू होता, जंताचं औषध देऊन झालं होतं. वजन काही हलत नव्हतं.

‘हा लय पाणी पेते’ ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. पण मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा लय पाणी कोण पीत नाही? पौषातल्या थंडीतही तो रात्री चार-पाच वेळा उठून पाणी मागतो का, हे कोणी विचारलं नव्हतं. आम्ही विचारलं तेव्हा आजी म्हणाल्या, “उठते ना. नाही देलं त मोरीतलं पेते.”

आणखी एक धागा हाताशी होता. दीड वर्षापर्यंत, आईच्या दुधावर असताना, पोर बरं होतं. वरचं म्हशीचं दूध आणि घरचं जेवण सुरू झालं तशा उलट्या, बद्धकोष्ठता, चिडचिड सुरू झाली. आईच्या दुधात क्षार आणि प्रथिनं कमी असतात, त्यामुळे मूत्रपिंडावर बाहेर टाकायचा बोजाही कमी पडतो. म्हशीच्या दुधात तो कितीतरी जास्त. त्या वेळी याचं निदान ‘दूध बाधलं’ असं झालं होतं.

अडचण

मेच्या मध्याला ताप आला, उलट्या झाल्या, पाणी पोटात टिकेना. आशाताईंनी ओआरएस दिलं. दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात नेलं तेव्हा नाडी क्षीण, हातपाय थंड. तिथल्या डॉक्टरांनी लगेच सलाईन सोडलं आणि नाडी भरली. इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे आणि योग्य. मग तेच नॉर्मल सलाईन रात्रभर चालू राहिलं. सकाळी मूल सुस्त, मधेच किंचाळणारं, आणि एक झटका येऊन गेला. दाखल होताना रक्तातलं सोडियम १५८ होतं. आमच्याकडे पोचलं तेव्हा १६७. साधारण १३५ ते १४५ असायला हवं.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या आमच्या बालरुग्ण विभागात त्याला घेतलं तेव्हा वाट दाखवली ती वॉर्डातल्या सिस्टरने. “सर, पोरगं सुकलंय. डोळे आत गेलेत, जीभ कोरडी आहे. पण मी चादर तिसऱ्यांदा बदलतेय.”

सुकलेलं मूल लघवी धरून ठेवतं. जी काही होते ती थोडी आणि गडद पिवळी. या मुलाची लघवी नळाच्या पाण्यासारखी पांढरी होती. पट्टी बुडवली तर विशिष्ट गुरुत्व १.००५ च्या खाली, म्हणजे जवळजवळ पाणीच. आणि साखर नाही, म्हणजे हा मधुमेह नव्हे. रक्तात मीठ साचतंय, शरीर पाण्यासाठी टाहो फोडतंय, आणि मूत्रपिंड निवांत पाणी सोडून देतंय. नंतर आलेल्या अहवालात लघवीची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे तिच्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, ९२ मिलिऑस्मोल निघाली. निरोगी मूत्रपिंड अशा वेळी ती हजाराच्या घरात नेतं.

पहिला निर्णय : कोणती बाटली

समोर चार वाटा होत्या. सलाईन तसंच पण सावकाश चालू ठेवायचं. अर्ध्या ताकदीचं सलाईन लावायचं. पाच टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे मीठ नसलेलं साखरेचं पाणी, लावायचं. किंवा लगेच नागपूरला पाठवायचं.

नागपूर अडीचशे किलोमीटर. मेच्या दुपारी, झटका येऊन गेलेलं मूल, रुग्णवाहिकेत वाटभर कोणती बाटली चालू राहील याची खात्री नाही. ती वाट बाजूला ठेवली आणि तिथल्या मूत्रपिंडतज्ज्ञांना फोनवर धरलं.

उरलेल्या तिन्हींत साधा हिशेब कामी आला. एका लिटर नॉर्मल सलाईनमध्ये ३०८ मिलिऑस्मोल क्षार असतात. ज्याची लघवी शंभरच्या वर घट्ट होतच नाही, त्याला तेवढे क्षार बाहेर टाकायला तीन लिटर लघवी करावी लागते. म्हणजे एक लिटर आत घातलं की दोन लिटर अंगातलं जातं. बाटली जितकी चालेल तितकं मूल सुकत जाणार. अर्ध्या ताकदीच्या सलाईनचं तेच, फक्त वेग कमी. ओआरएसही यातून सुटत नाही. त्यातली साखर शरीर वापरून टाकतं, पण उरलेले क्षार काढायला या मुलाला लिटरमागे दीड लिटरहून जास्त लघवी लागते. जुलाबाच्या लाखो मुलांना जे वाचवतं ते या एकाला तहानेला लावत होतं.

नाडी आता ठीक होती, म्हणून सलाईन थांबवून पाच टक्के डेक्स्ट्रोज लावलं आणि नाकातून नळी घालून थोडं थोडं साधं गोडं पाणी सुरू केलं. धोके दोन. सोडियम झपाट्याने उतरलं तर मेंदूला सूज येते, म्हणून दिवसाला दहाच्या आसपासच उतरवायचं; आणि डेक्स्ट्रोज वेगात गेलं तर रक्तातली साखर वाढून लघवी आणखी सुटते. दर काही तासांनी सोडियम, मधेमधे बोटातून साखर, आणि पिशवीत जमलेली लघवी मोजून तेवढ्याची भरपाई. पहिल्या चोवीस तासांत १६७ वरून १५७, तिसऱ्या दिवशी १४७. पोर उठून बसलं आणि पहिली गोष्ट मागितली ती पाणी.

दुसरा निर्णय : संप्रेरक वाढवायचं का

तब्येत स्थिरावल्यावर डेस्मोप्रेसिनची चाचणी केली. मेंदूतून येणाऱ्या व्हासोप्रेसिन या संप्रेरकाची ही औषधी नक्कल. संप्रेरकच कमी असेल तर ती दिल्यावर लघवी घट्ट होते. इथे ऑस्मोलॅलिटी ९२ ची १०४ झाली, म्हणजे काहीच झालं नाही. दोष मूत्रपिंडाच्या बाजूला होता. या आजाराला नेफ्रोजेनिक डायबिटीस इन्सिपिडस म्हणतात.

त्यावर आमच्याच बैठकीत सूचना आली की डोस दुप्पट करून पाहू, थोडा तरी प्रतिसाद मिळेल. सूचना अगदीच वावगी नव्हती. काही रुग्णांत रिसेप्टर, म्हणजे पेशीवर संप्रेरकाचा निरोप झेलणारं प्रथिन, अर्धवट काम करतो आणि तिथे जास्त डोसने थोडाफार फरक पडतो. पण हे औषध महाग, आणि मजुरी करणाऱ्या घराला ते महिनोन्‌महिने विकत घ्यायला लावण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते कळायला हवं होतं. आजी एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या की त्यांचा एक मुलगा, म्हणजे आमच्या रुग्णाचा मामा, “तान्हाच तापात गेला, त्यालेबी अशीच तहान होती.” नातं आईच्या बाजूने, आजारी दोघं मुलगे. ही बातमी एक्स गुणसूत्राकडे बोट दाखवते. जनुकीय तपासणीला नमुना पाठवला आणि डेस्मोप्रेसिन थांबवलं.

अहवाल आला. व्हासोप्रेसिनच्या व्ही-टू रिसेप्टरमध्ये १३७ व्या जागी आर्जिनिन हे अमिनो आम्ल हवं, तिथे हिस्टिडिन हे दुसरंच होतं. या बदलावर बरंच काम झालेलं आहे, आणि ते वाचल्यावर डोसचा वाद संपला. त्यासाठी पेशीच्या आत थोडं उतरावं लागेल.

पेशीच्या आत काय बिघडलं होतं

मोठ्या माणसाच्या मूत्रपिंडात दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातलं जवळपास सगळं पाणी परत घेतलं जातं, आणि शेवटच्या टप्प्यावर किती घ्यायचं हे व्हासोप्रेसिन ठरवतं. ते संग्राहक नलिकेच्या पेशीवर, रक्ताकडच्या बाजूला असलेल्या व्ही-टू रिसेप्टरला चिकटतं. रिसेप्टर जी-प्रथिनाला जागं करतो, आत सायक्लिक एएमपी हा निरोप पुढे नेणारा रेणू वाढतो, आणि पीकेए हे एन्झाइम अ‍ॅक्वापोरिन-२ या जलवाहिनीच्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं. मग या वाहिन्या पेशीच्या लघवीकडच्या पडद्यावर जाऊन बसतात आणि पाणी आत ओढलं जातं. अ‍ॅक्वापोरिनांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

वाचताना ही साखळी सुटसुटीत वाटते. पण पेशीत ही प्रथिनं मोकळी तरंगत असती तर निरोप भलतीकडेच गेला असता. त्यांना योग्य जागी, योग्य जोडीदाराशेजारी धरून ठेवणारी वेगळी प्रथिनं असतात, त्यांना स्कॅफोल्ड प्रथिनं म्हणतात. पीकेएला अ‍ॅक्वापोरिनच्या पिशव्यांजवळ बांधून ठेवणारी एकेएपी कुळातली प्रथिनं त्यातलीच. या प्रकरणात मात्र महत्त्वाचं ठरलं ते दुसरं, बीटा-अरेस्टिन.

त्याचं पहिलं काम थांबवण्याचं. रिसेप्टरने निरोप दिला की त्याच्या शेपटीवर फॉस्फेटं चढतात, बीटा-अरेस्टिन तिथे येऊन बसतं आणि जी-प्रथिनाची वाट बंद होते. दुसरं काम गोळा करण्याचं. ते क्लॅथ्रिन आणि त्याच्या साथीदार प्रथिनांना बोलावतं, पडदा आत वळतो आणि रिसेप्टर एका पिशवीत बंद होऊन पेशीच्या आत जातो. शिवाय ईआरकेसारख्या वेगळ्या संदेशमालेची एन्झाइमंही ते एका जागी आणतं. जी-प्रथिनाला निरोप देणाऱ्या रिसेप्टरांच्या या सगळ्या कुळावरच्या कामासाठी रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चं नोबेल मिळालं. काही रिसेप्टर आत शिरताच बीटा-अरेस्टिन सोडून देतात आणि पटकन पृष्ठभागावर परततात. व्ही-टू त्यातला नाही, तो ते घट्ट धरून ठेवतो. इतका घट्ट, की बीटा-अरेस्टिन रिसेप्टरला कसं चिकटतं हे पाहायला शास्त्रज्ञांनी व्ही-टूच्याच शेपटीचा तुकडा निवडला. २०१३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या त्या रचनेच्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अरुण शुक्ला आज आयआयटी कानपूरला याच विषयावर प्रयोगशाळा चालवतात.

१३७ व्या जागेच्या हिस्टिडिनमुळे हा क्रम बिघडतो. मार्क कॅरन यांच्या गटाने २००१ साली दाखवलं की हा बदललेला रिसेप्टर संप्रेरक नसतानाही बीटा-अरेस्टिन अडकवून घेतो आणि पृष्ठभागावर थांबण्याऐवजी आतल्या पिशव्यांत पडून राहतो. त्याच कामातला पुढचा भाग मला सगळ्यांत बोलका वाटला. बीटा-अरेस्टिनला चिकटायची सोय काढून टाकली तेव्हा तोच रिसेप्टर पडद्यावर परतला आणि संप्रेरकाला प्रतिसादही देऊ लागला. म्हणजे निरोप देण्याची ताकद त्याच्यात शिल्लक होती. स्कॅफोल्डशी झालेली अवेळी गाठ त्याला दाराशी उभं राहू देत नव्हती.

मग डोस दुप्पट करून काय होणार? हापशीचा दांडा दुप्पट जोराने मारला तरी खालचा पाइपच पाण्यापर्यंत नसेल तर काय येणार!

याच १३७ व्या जागी हिस्टिडिनऐवजी सिस्टीन किंवा ल्युसिन आलं तर नेमका उलटा आजार होतो, हे २००५ मध्ये नोंदलं गेलं. तिथे रिसेप्टर संप्रेरकाशिवायच चालू राहतो, मूल पाणी साठवत जातं आणि सोडियम उतरतं. म्हणूनच नुसतं ‘व्ही-टूमध्ये दोष आहे’ एवढं वाचून उपचार ठरवू नये, कोणता बदल तेही पाहावं.

आत अडकलेल्या रिसेप्टरला बाहेर आणणारं औषध आहे का, असं वडिलांनी विचारलं. प्रयत्न झालाय. २००६ मध्ये मॉन्ट्रियलच्या गटाने अशा मोजक्या रुग्णांना पेशीत शिरून रिसेप्टरची घडी सावरणारं एक संयुग दिलं आणि त्यांची लघवी घटलीही. पण ते औषध पुढे आलं नाही. आज लिहून देता येईल असं काही नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं.

तिसरा निर्णय : घरी काय

संप्रेरकाचा रस्ता बंद, म्हणून संप्रेरकाशिवाय लघवी कमी करायची. त्यासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड. ही मुळात लघवी वाढवणारी गोळी. वडील ऐकून गप्प बसले नाहीत, आणि बसायलाही नको होतं. “साहेब, हे त आधीच मुतून रायलं, अन् तुम्ही लघवीचीच गोळी देता?” गोळीने शरीरातलं मीठ थोडं कमी होतं, मग मूत्रपिंड आपल्या सुरुवातीच्या भागातच मीठ आणि पाणी ओढून घेऊ लागतं आणि जिथे व्हासोप्रेसिनची गरज पडते त्या टोकाला कमी द्रव पोचतो. १९५९ पासून हा उलटा वाटणारा उपचार चालत आलाय. तिच्यामुळे पोटॅशियम जातं, ते धरून ठेवायला जोडीला अमिलोराइड. इंडोमेथासिन या दाहशामक औषधाचाही विचार झाला, त्याने लघवी आणखी कमी होते. पण पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास, आणि उन्हाळ्यात पुन्हा सुकला तर तोच त्रास दुप्पट. तो पर्याय राखून ठेवला.

गोळीचा उपयोग मीठ कमी खाल्लं तरच. एक ग्रॅम मीठ म्हणजे साधारण ३४ मिलिऑस्मोल, म्हणजे या मुलाला जवळपास ३४० मिलिलिटर जास्तीची लघवी. लोणच्याची फोड, पापड, पुड्यातल्या चिप्स यांचा हिशेब आजींना तांब्यात दाखवला. त्यांनी स्वतःच तोड काढली : वरणात मीठ पडायच्या आधी त्याची वाटी बाजूला. भाकरीचं पीठही बिनमिठाचं. प्रथिनं मात्र कमी केली नाहीत. वाढतं मूल आहे, वरण आणि अंडं चालू राहिलं.

इतकं करूनही पहिल्या महिन्यात लघवी अपेक्षेएवढी उतरली नाही. गोळ्या नीट चालू होत्या, मोजून पाहिल्या. आशाताई घरी जाऊन आल्या तेव्हा उलगडा झाला. नळाचं पाणी संपलं की पोर हापशीचं पीत होतं. त्या पाण्यात विरघळलेले क्षार मीटरवर लिटरला २,१०० मिलिग्रॅम भरले. भारतीय मानकात ५०० ही इष्ट मर्यादा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे गावाच्या नजरेने हे पाणी जेमतेम हद्दीबाहेर. पण त्यातलं बहुतेक मीठच धरलं तर लिटरला सुमारे ७० मिलिऑस्मोल होतात. ज्याची लघवी शंभराला अडते त्याने एक लिटर प्यायलं की त्यातले ७०० मिलिलिटर त्याच पाण्यातलं मीठ धुवायला जातात. अंगी लागतं ३००. पोर दिवसभर पीत होतं आणि तहानलेलंच राहत होतं.

तेव्हा ठरलं की घरात नळाच्या पाण्याचा एक झाकणाचा ड्रम फक्त त्याचा. कमी पडलं तर आरओचा कॅन विकत, बाकीच्यांनी गरज पडल्यास हापशीचं प्यायचं. ही वाटणी घरात सोपी नव्हती. मोठी बहीण रुसली, तिचं रुसणं रास्तच होतं.

निष्पत्ती

गोड्या पाण्याचा ड्रम लागल्यावर दिवसाची लघवी पावणेचार लिटरवरून अडीचच्या आत आली. रात्रीचं उठणं दोनवर. सहा महिन्यांत वजन सव्वा किलोने वाढलं आणि बद्धकोष्ठता गेली. बोलणं वयाच्या मानाने मागे आहे. तो झटका की आधीचे न कळलेले सुकण्याचे प्रसंग, कारण सांगणं कठीण. वाचा उपचार चालू आहेत. अंगणवाडीत त्याची बाटली वेगळी, आणि लघवीला जायला विचारावं लागत नाही.

त्याच्या आईच्या पर्समध्ये प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद असतो. वर मराठीत ठळक : ‘या मुलाला ताप-उलटी झाल्यास पाणी बंद ठेवू नका. नाडी लागत नसेल तरच नॉर्मल सलाईन, तेही नाडी भरेपर्यंत. नंतर पाच टक्के डेक्स्ट्रोज. सोडियम तपासा.’ खाली आमचा फोन. पुढच्या एप्रिलमध्ये तो पुन्हा तापला तेव्हा त्याच ग्रामीण रुग्णालयात हा कागद दाखवला गेला, तिथल्याच डॉक्टरांनी फोन केला, आणि त्याला आमच्याकडे यावंच लागलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सलाईन सोडणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. थंड हातपायांच्या मुलाला पहिली बाटली तीच. फाटा फुटला तो नाडी भरल्यानंतर. सुकलेल्या मुलाची लघवी भरपूर आणि पांढरी होतेय हे तिथेही दिसत होतं, आणि लघवीची पट्टी तिथल्या कपाटात होती. १.००५ च्या खालचा एक आकडा रात्री मिळाला असता तर बाटली बदलली असती, निदान फोन झाला असता.

त्याआधीची संधी अंगणवाडीची. वजन न वाढणारं मूल आणि अतोनात तहान या दोन नोंदी एका वहीत शेजारी असत्या तर दोन वर्षं वाचली असती. खारपाणपट्ट्यात तहान ही तक्रार म्हणून लिहिलीच जात नाही. आमच्या भागातल्या आशाताईंना आम्ही आता ‘थंडीतही रात्री पाणी मागतो का?’ हा एकच प्रश्न दिलाय.

आमच्या बाजूने पाण्याचा प्रश्न महिनाभर उशिरा आला. आहाराचा तक्ता देताना ताटातलं मीठ मोजलं, तांब्यातलं मोजलं गेलं नाही. मिठाचं बंधन लावायच्या दिवशीच घरातलं पाणी बाटलीत आणायला सांगायला हवं.

एक गोष्ट अजून अर्धवट आहे. आजी वाहक आहेत, म्हणजे स्वतः बऱ्या पण दोष पुढे देऊ शकणाऱ्या, हे मामावरून जवळजवळ नक्की. तेव्हा मावशीही वाहक असण्याची शक्यता निम्मी. तिचं नुकतंच लग्न झालंय. तपासणी सुचवली तर घरात शांतता पसरली, आणि मग आई म्हणाली, “सासरी समजलं त कसं होईल, साहेब?” वाहक असल्याचा मावशीला स्वतःला फारसा त्रास होणार नाही, प्रश्न तिच्या होणाऱ्या मुलग्यांचा आहे, हे समजावलं. जोर केला नाही. मावशी एकटी येऊन भेटून गेली. रक्त द्यायला ती आज तयार नाही. मात्र दिवस राहिले तर बाळंतपण जिल्ह्याच्या ठिकाणीच करायचं आणि मुलगा झाला तर पहिल्या आठवड्यात त्याचं सोडियम तपासायचं, एवढं तिने कबूल केलंय. तिच्या फाइलवर तशी नोंद घातली आहे.